स्मशानवैराग्य वाया जाऊ देऊ नका

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात कामगार गेला, की पुढचे काही दिवस ठरल्यासारखे जातात. टाइम ऑफिसजवळच्या फळ्यावर सूचना लागते. पाळी बदलताना दोन मिनिटे मशीन थांबवून सगळे उभे राहतात. कुटुंबासाठी एक दिवसाचा पगार द्यायचे ठरते आणि सह्यांचा कागद एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरतो. सिडकोतल्या चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लागतो. मोरवाडीच्या अमरधामात पहिल्या पाळीची माणसे युनिफॉर्मवरच येतात, कारण घरी जाऊन कपडे बदलायला वेळ नसतो. आठवड्याच्या आत त्या मशीनवर दुसरा ऑपरेटर उभा राहतो आणि ठरलेले प्रॉडक्शन निघू लागते. याच दिवसांत, गेलेल्याच्या बरोबरीने वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या एखाद्याच्या मनात एक प्रश्न येतो : आपणही हेच करत राहायचे का? बहुतेकांचा हा प्रश्न पुढच्या पगारापर्यंत विरून जातो. काहींचा विरत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ते राजीनामा देतात, अर्जात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहितात आणि मागे राहिलेले म्हणतात, बिचाऱ्याने मनाला फार लावून घेतले. माझे म्हणणे असे, की असा राजीनामा हा मनाचा कमकुवतपणा समजणे चूक आहे. न आवडणाऱ्या नोकरीबद्दल माणसाकडे इतके दिवस नसलेला एक पुरावा त्या मृत्यूने त्याच्या हाती दिलेला असतो. पुरावा हाती आला की लगेच निकाल द्यायचा नसतो, आणि तो फाडूनही टाकायचा नसतो. तो तपासायचा असतो.

सहकाऱ्याच्या मृत्यूचे दुःख आपल्याकडे कोणत्याच खात्यात जमा होत नाही. भावकीतला माणूस गेला तर सुतक असते, दहावा-तेरावा असतो, भेटायला येणारी माणसे असतात. वर्षानुवर्षे न भेटलेल्या चुलत चुलत्याचेही सुतक पाळले जाते. पण शेजारच्या मशीनवरच्या माणसाचे सुतक नसते. हिशेब करून पाहा. रोज ८ तास, आठवड्याला ६ दिवस आणि सुट्ट्या वगळून वर्षाचे ४८ आठवडे धरले, तर वर्षाला सुमारे २,३०० तास होतात. दहा वर्षांत २३,००० तास. इतका जागेपणीचा काळ कामगार आपल्या मुलांबरोबरही घालवत नाही. कोणाचा मुलगा दहावीला आहे, कोणाच्या आईचे डायलिसिस चालू आहे, कोणाचा घराचा हप्ता थकला आहे, हे सगळे त्या शेजाऱ्याला ठाऊक असते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून येऊन सिडकोत घर केलेल्या कितीतरी माणसांना या शहरात पहिली ओळख दिली ती कंपनीतल्या सहकाऱ्याने. असे असूनही तो गेल्यावर शोकाची रजा मागायची कायदेशीर सोय नाही. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये भरपगारी वार्षिक रजा होती, शोकरजा नव्हती. जे दुःख कोणी मोजत नाही ते संपत नाही, वाट काढते. अनेकदा ती वाट नोकरीबद्दलच्या प्रश्नातून निघते.

हा प्रश्न नोकरीवरच का येऊन थांबतो, याचे उत्तर न आवडणाऱ्या नोकरीच्या घडणीत आहे. आवडत नसलेले काम माणूस वीस-वीस वर्षे करतो ते ‘नंतर’च्या भरवशावर. मुलांची शिक्षणे झाल्यावर, फ्लॅटचे कर्ज फिटल्यावर, बहिणीचे लग्न उरकल्यावर, निवृत्तीनंतर गावाकडे विहीर खोदून दोन एकर द्राक्ष लावू. आजचा दिवस हा त्या उद्याचा हप्ता असतो. हा व्यवहार मूर्खपणाचा नाही. कोट्यवधी घरे त्याच्यावर उभी आहेत. पण तो एका गृहीतकावर उभा असतो, ते म्हणजे ‘नंतर’ नक्की येणार. आजोबा गेले, ऐंशीव्या वर्षी शेजारचे काका गेले, तर या गृहीतकाला धक्का लागत नाही. आपल्याच वयाचा, आपल्याच पाळीतला, आपल्यासारखाच ‘अजून सात वर्षे काढू’ म्हणणारा माणूस बेचाळिसाव्या वर्षी जातो, तेव्हा ते गृहीतक तुटते. त्याने भरलेले हप्ते वाया गेलेले दिसतात. मग आपलेही हप्ते मोजावेसे वाटतात. यात भावना आहेच, पण त्या भावनेच्या पोटात चुकलेला हिशेब दुरुस्त करण्याची खटपट आहे. तिला वेड ठरवणे म्हणजे हिशेबच करू नकोस असे सांगणे होय.

या हिशेबाला आधार देणारे आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामाच्या तासांशी जोडलेले जगभरातले मृत्यू ७ लाख ४५ हजार होते. आता हे आपल्या कारखान्यांना लावून पाहू. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दैनंदिन तासांची मर्यादा ९ वरून १२ पर्यंत नेण्यास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मान्यता दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असेही ठरले. १४४ तास तिमाहीच्या १३ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला सुमारे ११ तास येतात. ४८ मध्ये ११ मिळवले की ५९. जुन्या मर्यादेनेही तो आकडा ५६च्या पुढेच जात होता. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून, कोणताही कायदेभंग न होता, अंबडचा कामगार त्या ५५च्या रेषेपलीकडे काम करू शकतो. घराचा हप्ता चालू असेल तर लेखी संमती किती मोकळेपणाने दिली जाते, हे वेगळे सांगायला नको.

या आकड्यांपासून अपघातांचे मृत्यू वेगळे. २०१७ ते २०२० या काळात देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दररोज सरासरी तीन कामगार मृत्युमुखी पडत होते. हे आकडे सरकारच्याच कारखाना सल्ला सेवा महासंचालनालयाचे आहेत आणि त्यांत नोंद न झालेली छोटी वर्कशॉप येत नाहीत. नाशिक जिल्ह्याला याची आठवण करून द्यायची गरज नाही. १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या कारखान्याला लागलेल्या आगीचा धूर दूरवरून दिसत होता आणि त्या आगीत कामगारांचा बळी गेला. अशा प्रत्येक मृत्यूमागे शेकडो जिवंत साक्षीदार असतात, जे दुसऱ्या दिवशी त्याच फाटकातून आत जातात. त्यांच्यापैकी एखाद्याला आत जाववले नाही, तर तो भित्रा ठरत नाही. त्याने धोक्याचा अंदाज बदललेला असतो.

कारखान्याबाहेरच्या नोकऱ्यांचे काय, याचे उदाहरण पुण्याने दिले. मार्च २०२४ मध्ये एका मोठ्या बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण कंपनीच्या पुणे कार्यालयात रुजू झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल त्याच वर्षी २० जुलैला, रुजू झाल्यानंतर चार महिन्यांनी, मरण पावली. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. मुलीवर कामाचा असह्य बोजा होता आणि तिच्या अंत्यसंस्काराला कार्यालयातून कोणीही आले नाही, असे त्या पत्रात म्हटले होते. मृत्यूचे कारण कामाचा ताण असल्याचे कंपनीच्या प्रमुखांनी मान्य केले नाही. केंद्रीय श्रम मंत्रालयाने चौकशी जाहीर केली. वैद्यकीय कारणाचा निवाडा वर्तमानपत्रात होणार नाही, आणि तो माझ्या मुद्द्याला आवश्यकही नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. त्या पत्रानंतर देशभरातल्या हजारो तरुण नोकरदारांनी आपापल्या कार्यालयातल्या गोष्टी उघडपणे सांगायला सुरुवात केली. बोजा, रात्रीची कामे, आजारपणातले फोन आधीही होते. तोपर्यंत प्रत्येकाला तो स्वतःचा कमीपणा वाटत होता. एका मृत्यूने तो सगळ्यांचा अनुभव असल्याचे दाखवले. सहकाऱ्याचा मृत्यू लहान प्रमाणात प्रत्येक विभागात हेच करतो. जे माणूस ‘माझंच काहीतरी चुकतंय’ म्हणून गिळत होता, ते त्याला कामाच्या रचनेत दिसू लागते.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप आपल्या भाषेतच आहे : हे स्मशानवैराग्य आहे. चितेपाशी उभे राहून सगळ्यांनाच संसार फोल वाटतो, घरी येऊन आंघोळ केली की चहाची आठवण होते. नाशिकसारख्या गावाला हे सांगायला नको. रामकुंडावर देशभरातून अस्थी येतात आणि अस्थी विसर्जन करून वर आलेली माणसे शेजारच्या बाजारात भाव करताना रोज दिसतात. जीवन असेच चालते आणि तसेच चालायला हवे. म्हणून स्मशानातून परतताना राजीनामा लिहू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. दुःखाच्या पहिल्या आठवड्यांत झोप उडालेली असते, निर्णयशक्ती थकलेली असते, आणि कधी कधी नोकरी सोडावीशी वाटते ती फक्त त्या रिकाम्या जागेकडे बघवत नाही म्हणून. पण स्मशानवैराग्य टिकत नाही म्हणजे ते खोटे होते, असा अर्थ होत नाही. ताप उतरतो, म्हणून ताप आलाच नव्हता असे आपण म्हणत नाही. आपल्या परंपरेने शोकाला तेरा दिवस दिले, ते दुःखाला मुदत घालण्यासाठी. त्या मुदतीचा उपयोग करावा. जे वाटते ते त्याच दिवसांत वहीत लिहून ठेवावे, तारखेसह. तीन महिन्यांनी ती वही उघडावी आणि तीन गोष्टी तपासाव्यात. ही नाराजी मृत्यूच्या आधीही होती का? विभाग, पाळी किंवा साहेब बदलला तर ती जाईल का? आणि आपल्याला या कामापासून दूर जायचे आहे, की त्या आठवणीपासून? नाराजी जुनी असेल, बदलाने न जाणारी असेल आणि आठवण थोडी निवल्यावरही कायम असेल, तर ते वैराग्य उरलेले नाही. तो निर्णय झालेला आहे, फक्त त्याला तारीख दिलेली नाही.

दुसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे : हे परवडते कोणाला? सिडकोच्या सहा योजनांतल्या छोट्या घरांत राहणाऱ्या, एकाच पगारावर पाच माणसे पोसणाऱ्या माणसाने समाधान शोधत फिरायचे का? या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देणे हा अपमान होईल. उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे, कारण पैशाच्या भीतीतली काही भीती खरी असते आणि काही माहिती नसल्यामुळे असते. ग्रॅच्युइटीचा नियम घ्या. कायम कामगाराला ती सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये असतील, तर प्रत्येक वर्षाचे १५ दिवसांचे वेतन २६च्या भागाकाराने ११,५३८ रुपये होते. पाच वर्षांचे सुमारे ५७,७००. ज्याची सव्वाचार वर्षे झाली आहेत त्याने आज राजीनामा दिला तर ही रक्कम तो सोडून देतो. त्याच्यासाठी नऊ महिने थांबणे हा शहाणपणा आहे. ज्याची बारा वर्षे झाली आहेत, त्याला मात्र या भीतीने अडकून राहण्याचे कारण नाही, कारण त्याची ग्रॅच्युइटी त्याच्याबरोबर येते. निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनच्या हक्कासाठी दहा वर्षांची सेवा लागते, पण ती एकाच कंपनीत लागत नाही. पीएफ काढून न घेता त्याच यूएएन क्रमांकावर पुढच्या नोकरीत वर्ग केला, तर सेवा जोडली जाते. अनेक जण नोकरी सोडताना पहिली गोष्ट करतात ती पीएफ काढण्याची, आणि नकळत पेन्शनची वर्षे गमावतात.

एक कवच मात्र नोकरीबरोबर सुटते आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पीएफ सदस्य सेवेत असताना मरण पावला तर त्याच्या कुटुंबाला ठेवसंलग्न विमा योजनेतून कमाल ७ लाख रुपयांपर्यंत मिळतात. पत्नीला निवृत्तिवेतन मिळते, आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट राहत नाही. ईएसआयच्या कक्षेत असलेल्या, म्हणजे दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला कुटुंबासह उपचार मिळतात. सहकाऱ्याच्या मृत्यूने हादरून नोकरी सोडणाऱ्याने, ज्या मृत्यूच्या भीतीने तो सोडतो आहे त्याच मृत्यूविरुद्धचे संरक्षण एका सहीने घालवू नये. म्हणून क्रम असा असावा : आधी स्वतःचा मुदत विमा आणि आरोग्य विमा, मग सहा महिन्यांचे हप्ते व किराणा यांची तजवीज, मग दुसऱ्या कामाची निश्चिती, आणि शेवटी राजीनामा. या क्रमाला एक वर्ष लागेल, कोणाला दोन लागतील. ‘मी या तारखेला जाणार आहे’ असे मनाशी ठरलेल्या माणसाचे ते वर्ष आणि ‘यातून सुटका नाही’ असे समजणाऱ्याचे वर्ष यांत फार अंतर असते. पहिल्याचा प्रत्येक पगार बाहेरच्या वाटेवरचे एक पाऊल असतो.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. देशातल्या संघटित कारखान्यांत आता साधारण चाळीस टक्के कामगार कंत्राटी आहेत. त्यांना राजीनामा द्यावा लागत नाही, कारण ठेकेदारच मध्येच ‘ब्रेक’ देतो. त्यांच्यासाठी सोडण्याचा हक्क कागदावरचा आहे, असे कोणी म्हणेल तर ते खोटे नाही. तरीही परिस्थिती थोडी बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले, ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आणि नोकरी सुटल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले. ‘फुल अँड फायनल’साठी दोन-दोन महिने फेऱ्या मारणाऱ्याला ही तरतूद ठाऊक असायला हवी. कायदा लिहिला म्हणजे मिळाला असे नसते, हे अंबड आणि सातपूरच्या कामगारांना कोणी शिकवायला नको. पण मागण्याइतके हातात काही आहे, हे कळले की माणूस निर्णय घाबरून घेत नाही.

तिसरा आक्षेप जरा वेगळ्या दिशेने येतो : नोकरीत समाधान शोधायचेच कशाला? पगार घ्यावा, घर चालवावे, समाधान भजनी मंडळात, नातवंडांत, गावच्या शेतात शोधावे. या म्हणण्यात मोठा सन्मान आहे आणि मी तो नाकारत नाही. पोटासाठी केलेले काम हलके नसते. कंटाळवाणे काम आणि माणसाला आतून पोखरणारे काम यांत मात्र फरक केला पाहिजे. कंटाळवाण्या कामाहून घरी आलेल्या माणसाकडे घरासाठी काहीतरी शिल्लक असते. पोखरणारे काम काहीच शिल्लक ठेवत नाही. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याइतकीही ताकद नसते आणि भजनी मंडळाची पाळी रात्रपाळीत बुडते. गॅलप या संस्थेच्या जागतिक पाहणीत २०२४ मध्ये आपल्या कामात मनापासून गुंतलेल्यांचे प्रमाण फक्त २१ टक्के निघाले. उरलेल्या सगळ्यांनी नोकरी सोडावी असे कोणी म्हणणार नाही. तपासणीचा निकाल ‘थांबायचे’ असाही लागू शकतो, आणि तोही तितकाच खरा निर्णय आहे. एखादा ओव्हरटाइमच्या लेखी संमतीवर सही न करण्याचे ठरवेल. एखादा रात्रपाळी बदलून मागेल, थोडा पगार सोडून. एखादा आठ वर्षे थांबलेले आयटीआयचे पुढचे प्रमाणपत्र पूर्ण करेल. गेलेल्या सहकाऱ्याने दिलेला पुरावा यातल्या कोणत्याही निर्णयात वापरला गेला, तर तो वाया गेला नाही.

चौथा आक्षेप नैतिक आहे आणि कामगार चळवळीत वाढलेल्या नाशिकमध्ये तो ऐकू येणारच : तुम्ही गेलात तर राहिलेल्यांचे काय? मृत्यू कंपनीच्या हलगर्जीने झाला असेल तर लढायचे सोडून पळायचे? अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये केलेली मांडणी इथे उपयोगी पडते. संस्था बिघडली की माणसासमोर दोन रस्ते असतात, बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे; आणि पहिला रस्ता सोपा झाला की दुसऱ्यावर गर्दी कमी होते. हा धोका खरा आहे. म्हणून जाणाऱ्यावर दोन कर्जे राहतात असे मी मानतो, आणि ती फेडल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नये. पहिले, साक्षीचे. अपघात होता, गार्ड काढलेले होते, सेन्सर बंद होता, माणूस सलग दुसऱ्या पाळीत उभा होता, यातले जे आपण पाहिले ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि संघटनेला लेखी सांगावे. नोकरी सोडणाऱ्याला हे सांगणे राहणाऱ्यापेक्षा सोपे असते, म्हणून त्याची जबाबदारीही मोठी. दुसरे, कुटुंबाचे. पीएफचा दावा, विम्याचा अर्ज, पत्नीच्या पेन्शनचा फॉर्म, अपघात असेल तर कामगार नुकसानभरपाईचा दावा, हे कागद गावाकडून आलेल्या वहिनींना माहीत नसतात. वारस नोंद झाली होती का, बँक खात्यातले नाव आधारशी जुळते का, इतक्याशा गोष्टींवर महिनोन्महिने पैसे अडकतात. ज्याने गेलेल्याबरोबर डबा खाल्ला त्याने कचेरीच्या खिडकीपाशी वहिनींबरोबर उभे राहावे. हे करून जो जातो त्याला पळालेला म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

उद्योजकांसाठीही यात विचार करण्यासारखे आहे. आयमा आणि निमा या उद्योजकांच्या संघटना कुशल मनुष्यबळ मिळत नाही, मिळाले तर टिकत नाही, याची चिंता अनेकदा मांडतात. विभागात मृत्यू झाल्यानंतरच्या सहा महिन्यांत तिथले चार अनुभवी लोक गेले, तर ती माहिती आहे, आणि ती फुकट मिळालेली आहे. ‘वैयक्तिक कारण’ हा शेरा मारून फाइल बंद करण्याऐवजी त्या चौघांशी अर्धा तास बोलले, तर कामाच्या तासांबद्दल, सुपरवायझरच्या भाषेबद्दल, मशीनच्या सुरक्षेबद्दल असे काही कळेल जे कोणत्याही ऑडिटमध्ये कळत नाही. जपानने हा धडा फार उशिरा घेतला. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला तिथे ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्दच तयार झाला, आणि तरीही त्याच्या प्रतिबंधाचा कायदा व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. आपण तितकी वाट पाहण्याचे कारण नाही. शेजारच्या मशीनवरच्यांना अंत्यसंस्कारासाठी भरपगारी दिवस, त्या मशीनवर लगेच दुसऱ्याला उभे करण्याआधी थोडी मुदत, आणि ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी मोफत समुपदेशनाचा क्रमांक फळ्यावर श्रद्धांजलीच्या सूचनेशेजारी लावणे, एवढे उद्यापासून कोणत्याही कंपनीला जमण्यासारखे आहे.

शेवटची विनंती घरच्यांना आहे, कारण या निर्णयाचा पहिला श्रोता घरातच असतो. अमरधामातून परतलेला माणूस जेवणाच्या ताटावर बसून म्हणाला, ‘मला हे काम नको वाटतंय’, तर त्याला ‘उगाच काहीतरी बोलू नकोस’ म्हणून गप्प करू नका आणि ‘दे मग सोडून’ असेही घाईने म्हणू नका. त्याचे बोलणे ऐकून घ्या. तेरावा होऊ द्या. मग एका रविवारी पीएफचे पासबुक, कर्जाचा तक्ता आणि विम्याची पावती समोर घेऊन त्याच्याबरोबर बसा. किती वर्षे झाली, किती हप्ते उरले, किती महिने पगाराशिवाय निघतील, हे कागदावर मांडा आणि त्या कागदाच्या खाली एक तारीख लिहा. ती तारीख पुढच्या महिन्याची असेल किंवा तीन वर्षांनंतरची असेल. पण ती लिहा, कारण असे ठरवायला आपल्याकडे वेळ आहे, असेच जो गेला त्यालाही वाटत होते.